पामखालची जागा

कीतो, १० डिसेंबर १९६४

चि. रोसाउरास अनेक आशीर्वाद.

रागात लिहितेय, अक्षर लावून घे. आलामेदा बागेत तळ्याकाठच्या पामखाली तुझे दाजी बावीस वर्षं पेटी-कॅमेरा लावून उभे राहिले. महिनाभर छातीच्या दुखण्यानं पडले काय, आणि एलिओदोरोनं, बाप्तिस्म्यात आमच्या थोरल्याचा धर्मपिता झालेल्या त्या मेल्यानं, ते वारले असं बागेतल्या बाकीच्या फोटोवाल्यांना सांगून जागा बळकावली! गिऱ्हाइकं माझं सांत्वन करायला दारात आली गं. आता हे बरे झाले, तर मला म्हणतो, वहिनी, वर टेकडीवर जागा आहे की. आपल्या ह्या उंच गावाच्या विरळ हवेत रोज तो चढ चढले तर खरंच मरतील हे.

तुझे दाजी म्हणतात, सोड, घरचाच माणूस आहे. मी सोडणार नाही. वर्षअखेरीला जुन्या वर्षाचा पुतळा जाळायचाच असतो. यंदा तो एलिओदोरोचा!

तुझी डेल्फिना

लोहा, १७ डिसेंबर

ती. अक्कास सा. न.

वाचून हसले आणि दातओठही खाल्ले. पण चिंध्यांचा पुतळा कोण ओळखणार? त्याचेच कपडे हवेत. त्याच्या बायकोकडे माग, ती कुठे सुखात आहे! पुतळ्याच्या नावानं थट्टेचं मृत्युपत्र लिहितात ना, ते बागेतच वाच, सगळ्यांसमोर. त्या दिवशी चिडला तो हरला, हे त्यालाही ठाऊक आहे. दाजींना मफलरशिवाय सोडू नकोस.

तुझी रोसाउरा

कीतो, २ जानेवारी १९६५

चि. रोसाउरास आशीर्वाद.

जिंकलो! त्याच्या बायकोनं, एउफेमियानं, नवऱ्याचा तपकिरी कोट आणि टोपी स्वतः आणून दिली. एकतीसला दुपारी पुतळा पामखाली बसवला. ही गर्दी! मी मृत्युपत्र खणखणीत वाचलं, की मी एलिओदोरो, जित्याजागत्या माणसाला मेला म्हणून सांगून त्याची जागा खाल्ली, ती जाताना ज्याची त्याला देऊन जातो. लोक हसून लोळले. त्यालाही हसावं लागलं, कान मात्र लालबुंद. सगळ्यात म्हातारे फोटोवाले म्हणाले, मरणाऱ्याची इच्छा मोडू नये. त्यानं आपल्या कॅमेऱ्याची तिपाई उचलली.

संध्याकाळी घरी येऊन माफी मागितली, निदान टोपी तरी जाळू नका म्हणाला. ह्यांनी मिठी मारली त्याला, भोळा सांब! आगकाडी मीच ओढली, पुतळा टोपीसकट जाळला.

काल हे पामखाली उभे राहिले. मला विचारत होते, आता तरी मन शांत झालं ना? नाही झालं गं. पुढच्या वर्षीही त्याचाच पुतळा करणार आहे. एउफेमियानं त्याची पँट आत्ताच बाजूला काढून ठेवलीय.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी डेल्फिना