गव्हाणच्या माडाची बेचाळीस रोपं

बाबा,

यंदा पौषात थंडी चांगलीच पडली आहे. पहाटे डोंगराकडून वारा सुटतो. तुझ्या वेळी मधे नुसती भाताची शेतं होती, आता सुकापूरपर्यंत इमारतीच इमारती आहेत, तरी वारा आपली वाट काढतोच. काल करंजाड्याहून एक बाई नर्सरीत आली, मोबाईलवर बाल्कनीतल्या पामचा फोटो दाखवून विचारत होती की पानांच्या कडा करपल्यात, याला स्वेटर घालू का. तिला वाटलं मी हसेन. पण मला हसू आलं नाही, कारण आमच्या घरात माडांना गोणपाटाच्या बंड्या घालणारा माणूस होऊन गेला आहे. मी तिला सांगितलं, संध्याकाळी पाणी घालू नका, सकाळी ऊन आल्यावर घाला, शेंड्यात पाणी साचू देऊ नका, रात्री कुंडी आत घ्या. सगळं तुझंच. लोक मला हुशार समजतात. मीही त्यांना तसं समजू देते, ही सवय माझी जुनीच.

तुझी पद्धत मी अजून मोडलेली नाही. दिवस कलला की रोपाची पानं सुतळीने सैल बांधायची, भोवती बांबूच्या चार काठ्या, त्यावर कोरडं गोणपाट असं टाकायचं की कोंबाला टेकता कामा नये. बुंध्याशी पेंढा. आणि सकाळी ऊन पोचलं की सगळं काढून पेंढ्यावर वाळत घालायचं. रोज. मला या रोजचाच कंटाळा. दवाने भिजलेलं गोणपाट जड होतं, अंगाला खाजतं, वास मारतं. मी कुरकुर केली की तू म्हणायचास, "झाकाला कुनालापन येतं. उघराची आटवन ठेवाला लागते." मग बोटांच्या मागच्या बाजूने एकेका कोंबाला हात लावत जायचास, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. मी तेव्हा कॉलेज संपवून बसले होते, बॉटनीत पहिला वर्ग मिळवला होता, आणि मला वाटायचं की बाबाला उगाच जास्त काळजी. पनवेलात कसली आली थंडी?

ती बेचाळीस रोपं मात्र वेगळी होती, हे मलाही कळत होतं. गव्हाणची आपली वाडी प्रकल्पात गेली तेव्हा तू घराच्या कौलांसाठी बोलला नाहीस, विहिरीसाठी बोलला नाहीस. फक्त परसातला आजोबांच्या हातचा माड तोडायच्या आधी त्याचे नारळ उतरवू द्या, एवढं मागितलंस. उतरवायला काका आले होते. खाडीकाठचे, तुझे लहानपणापासूनचे दोस्त. तुम्ही मिठागरावर काम करायचा तेव्हापासूनचे. दर नारळी पुनवेला समुद्राला वाहायचा नारळ ते आपल्याच माडाचा न्यायचे, दुसरा घ्यायचे नाहीत. बियाण्याचा नारळ वरून टाकला तर आतून हलतो, म्हणून त्यांनी एकेक घड दोरीला बांधून खाली सोडला. अख्खी सकाळ गेली. तू खाली दोन्ही हात वर करून उभा. शेवटचा घड तुझ्या हातात आला आणि काका वरच बसून राहिले, बराच वेळ खाली उतरेनात. त्या नारळांतून बेचाळीस उगवले. ते तू नर्सरीत वेगळ्या वाफ्यात लावलेस आणि कुणाला विकायचे नाहीत असं सांगून ठेवलंस.

मग तुझं हर्नियाचं ऑपरेशन निघालं, नेमकं थंडीत. तू दवाखान्यात जाताना नर्सरी काकांच्या हवाली केलीस, मला फक्त त्यांच्या हाताखाली राहा म्हणालास. मला राग आला होता, सांगून टाकते. शिकलेली मी, आणि हाताखाली मीच? चौथ्या-पाचव्या दिवशी काका मला म्हणाले की त्यांच्या होडीची डागडुजी खोळंबली आहे. मी लगेच म्हटलं, तुम्ही खुशाल जा, तीन दिवस मी झाकते, मी उघडते. ते जायला तयार नव्हते. मी दोनदा सांगितलं तेव्हा गेले. त्याच तीन दिवसांत गव्हाणला मावशीच्या घरी तिच्या मुलाची हळद होती हे मी त्यांना सांगितलं नाही. तुला आपल्याकडची हळद माहीतच आहे, लग्नापेक्षा हळदच मोठी. मी विचार केला, रोज पनवेल-गव्हाण कोण करणार. शेडमध्ये काकांचा प्लास्टिकचा मोठा कागद पडला होता, पावसात होडीवर टाकायचा. मी तो बेचाळीस रोपांवर पसरला, कडांना विटा ठेवल्या, आणि स्वतःवर खूश होऊन निघाले. गोणपाटापेक्षा ऊब जास्त, आणि तीन दिवस काढायची गरज नाही. बॉटनीतला पहिला वर्ग असा कामाला आला.

तीन दिवस मी नाचत होते. वर कडक ऊन, आत वाफ, रात्री तीच वाफ गार होऊन कोंबात उतरतेय. चौथ्या दिवशी सकाळी मी कागद उचलते तर आतून सडक्या भाजीसारखा भपका येतो. पानं हिरवीच दिसतायत. मी एका रोपाचा मधला कोंब धरते, जोर लावत नाही, नुसता धरते, आणि तो अलगद निघून हातात येतो. बुडाशी चिकट, तपकिरी. दुसरा. तिसरा. अकराव्यानंतर मी थांबले. कागदाची घडी घालून जागेवर ठेवली, हात साबणाने धुतले, आणि काकांना काही न सांगता घरी जाऊन झोपले.

त्याच दुपारी तू दवाखान्यातून आलास, पोटाला पट्टा बांधलेला, आईने तुला धरून आणलेलं. वाफ्याशी वाकता येत नव्हतं म्हणून तू गुडघ्यांवर बसलास. एक कोंब उपटलास, नाकाशी नेलास. मला वाटलं ओरडशील. तू अगदी हळू विचारलंस, "कोन व्हता नर्सरीत?"

मी म्हणाले, "काका होते."

दोन शब्द, बाबा. त्यांच्यावर आळ घ्यावा असं ठरवलंही नव्हतं. मला फक्त ती वेळ मारून न्यायची होती, संध्याकाळी तुला एकट्याला गाठून सांगेन असं वाटलं होतं. पण काका तेवढ्यात फाटकातून आत येत होते, तुझ्यासाठी डब्यात मासे घेऊन. तू त्यांना म्हणालास, "ज्या हातानं दोरीला बांधून उतरवलंस, त्याच हातानं मारलंस." त्यांनी वाफ्याकडे पाहिलं, मग शेडमधल्या आपल्या कागदाकडे, मग माझ्याकडे. एकदाच. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी. मिठागरवाल्याची लेक मी, मला ते बरोबर जमलं. काका म्हणाले, "चुकलं माजं." डबा कट्ट्यावर ठेवला आणि गेले. पुन्हा कधी आले नाहीत, तूही बोलावलं नाहीस. त्या वर्षीपासून नारळी पुनवेला तू खाडीवर जायचं बंद केलंस. आई विचारायची, तू म्हणायचास पाय दुखतात.

मला तुझाही राग येतो, आज लिहितेच आहे तर लिहिते. तू आयुष्यभर रोपाच्या पानावरचा डाग बघून सांगायचास की मुळाशी काय झालंय. मग त्या दिवशी माझं तोंड तुला वाचता आलं नाही? ज्या माणसाने एकेक घड लेकरासारखा खाली सोडला, तो बेचाळीस रोपं प्लास्टिकखाली कोंडून जाईल हे तुला पटलं तरी कसं? चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस, आणि चोर तुझ्याच घरात तुझ्या हाताला पाणी घालत होती. पुढे सात-आठ वर्षं तू होतास. किती थंड्या गेल्या. दर वर्षी गोणपाटं बाहेर काढताना मी ठरवायची की यंदा सांगू. शेवटच्या आजारपणात तू मला म्हणालास की आता नर्सरी तूच बघ, तुझ्यावर भरवसा आहे. त्यानंतर तर माझी जीभच उचलली नाही. तुला न्यायच्या वेळी काका आले होते, सगळ्यांच्या मागे उभे होते, पाणीही न घेता परत गेले.

तुला जाऊन अकरा वर्षं झाली. या थंडीत मात्र राहवेना, म्हणून गेल्या रविवारी मी रिक्षा करून त्यांच्या घरी गेले. मनात वाक्यं जुळवून नेली होती. त्यांच्या सुनेने दारातच सांगितलं की डोकं आता ठिकाणावर नसतं, "कदी वलकतात, कदी नाय." पण मला त्यांनी लगेच ओळखलं. उन्हात खाटेवर बसले होते, खूप बारीक झालेत. मी शेजारी बसले, म्हटलं, काका, मला तुम्हाला त्या रोपांचं सांगायचं आहे. तर त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागले.

"मीच मारली गो पोरी, तुज्या बापाची रोपा. पलाश्टिक मीच घातलं. काराचं इसरलो."

मला आधी वाटलं ते मला वाचवतायत, तेव्हासारखंच. पण नाही, बाबा. त्यांना खरंच तसं आठवतं. कागद कसा ओढला, विटा कुठे ठेवल्या, कोंब कसा हातात आला, सगळं सांगत होते. इतकी वर्षं दुसऱ्याची चूक डोक्यावर वाहून वाहून ती त्यांचीच झाली आहे. सून म्हणाली, थंडी पडली की यांचं हेच सुरू होतं, रात्री उठून कागद काढायला जायचं म्हणतात. मी म्हणाले, काका, तसं नाही झालं. त्यांनी ऐकलं नाही. फक्त माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "तुजा बापूस अजून रागानं हाय का माज्यावर?"

मला तेव्हा सांगता आलं असतं. सून समोर होती, तिला सांगता आलं असतं, ती त्यांना रोज थोडं थोडं समजावत राहिली असती. मी काय केलं माहीत आहे? मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "नाय काका. बाबांनी कवाच माफ केलं तुमाला. मीपन केलं."

ते शांत झाले. पोराने व्हावं तसे लगेच शांत झाले, आणि सुनेने माझ्याकडे इतक्या कृतज्ञतेने पाहिलं की मला चहा नको म्हणता आला नाही.

हे पत्र मी कुणाला वाचून दाखवणार नाही, त्या घरी तर नाहीच. आणि एवढंच राहिलं आहे, ते लिहून संपवते. परतीच्या रिक्षात मला हलकं वाटत होतं, बाबा.