पाच मुठी

आई, ओट्सच्या वड्यांचे सात ट्रे बिघडल्यावर परवा मी वहिनीकडे गावी जाऊन आले आणि तिथे जे ऐकलं त्यामुळे आज हे लिहायला बसले आहे. ओट्स म्हणजे काय ते आधी तुला सांगायला हवं. बाहेरच्या देशातलं धान्य, आपल्याकडे ते पोह्यासारखं चपटं करून डब्यात मिळतं. डॉक्टरांनी मला रोज खायला सांगितलं आहे. त्याची खीर मला गिळवत नाही, पतंग चिकटवायच्या खळीसारखी लागते. मग सूनबाईनं मोबाइलवर शोधून एक कृती काढली. ओट्स, लोणी आणि एक सोनेरी पाक एकत्र करायचा, ट्रेमध्ये दाबून बसवायचा, ओव्हनमध्ये भाजायचा आणि गार झाल्यावर चौकोन कापायचे. तिकडे त्याला फ्लॅपजॅक म्हणतात. तो पाक सांगलीत मला कुठे मिळाला नाही. सूनबाई म्हणाली, काकवी चालेल का. मी चालेल म्हटलं, आणि तिथपासून तू स्वयंपाकघरातून हललेली नाहीस.

मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. वही घेतली, तारीख टाकली, प्रत्येक जिन्नस डिजिटल काट्यावर तोलून ग्रॅममध्ये लिहिला. पहिला ट्रे कृतीबरहुकूम केला, त्याचा भुगा झाला. दुसऱ्यात काकवी वाढवली, ती उतू जाऊन ओव्हनच्या तळाला करपली. तिसऱ्यात काकवीऐवजी गुळाचा पाक घातला, तर सूनबाईनं विचारलं, "आई, फोडायला वरवंटा काढून ठेवू का?" चौथ्यात केळं कुस्करून घातलं, दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास आला. पाचव्यात लोण्याच्या जागी तूप, वर तीळ, दाण्याचा कूट आणि बेदाणे. चव अशी उतरली की मी उभ्या उभ्या दोन घास खाल्ले, पण वडी काही अखंड उचलली जाईना. सहाव्यात हेच सगळं, याच वजनानं, फक्त काकवीचा डबा नवीन, आणि ट्रेमधून चामडं निघालं. तेव्हा मला राग आला. तेच जिन्नस, तेच ग्रॅम, तेवढीच मिनिटं, मग फरक पडतो कसा? सातवा मी रागातच केला आणि गरम असतानाच कापायला गेले. एक तुकडा सोडून तो दुधात भिजवून खाऊन संपवला. ओट्सचा फडशा पडला तो असा.

तुझ्या वड्या कधी मोडल्या नाहीत. आपल्या कवठे महांकाळच्या माळावर तेव्हा ऊस कुठला असणार. दिवाळीनंतर वडील मेंढरं घेऊन नदीकाठच्या गावांकडे उतरायचे, ऊसवाल्यांच्या रानात रात्रीला कळप बसवायचे, आणि त्या खताच्या बदल्यात धान्य आणि गुऱ्हाळावरची काकवी मिळायची. त्या काकवीत तू भाजलेल्या ज्वारीचा भरडा, शेंगदाणे आणि तीळ घालून परातीत थापायचीस. कधी ज्वारी नसली तर बाजरी, कधी हुलग्याचं पीठ, एका वर्षी तर चाळून उरलेला नुसता कोंडा आणि करडईचं तेल. जे असेल ते. काकवी कधी पाण्यासारखी यायची, कधी दोरी ओढावी तशी. वडी मात्र दर वेळी तशीच, खिशात टाकून मेंढरांमागे दिवसभर फिरलं तरी कडा न सुटणारी. किती भरड्याला किती काकवी असं मी लहानपणी विचारायचे. तू म्हणायचीस, "हाताला कळतंय की." ते ऐकून मला तेव्हाही राग यायचा.

मग मी सांगलीला कॉलेजात शिकले, तिथेच मुलींना गृहविज्ञान शिकवायला लागले. तू डोळे दाखवायला आठवडाभर माझ्याकडे आली होतीस, तेव्हाची गोष्ट. मी शिकवते ती जागा बघायची असं तुझ्या मनात होतं. तू नवं लुगडं नेसलीस. प्रॅक्टिकलच्या खोलीत शिरण्याआधी बाहेरच्या नळावर पाय धुतलेस आणि पाय ओले म्हणून दारातच थांबलीस. मी हात धरून तुला आत घेतलं. तेवढं एक मी बरं केलं. त्या दिवशीचा धडा मोजमापाचा होता. फळ्यावर मी सकाळीच ठळक अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'अंदाज म्हणजे चूक'. बाकांवर मुली बसलेल्या होत्या. मला वाटलं, धड्याला उदाहरण आपणहून चालत आलं आहे. मी मुलींना सांगितलं, या माझ्या आई, यांनी आयुष्यात कधी वजन केलेलं नाही, आपण यांची मूठ तोलून बघू.

तू खूश झालीस. मला अजून दिसतं आहे. भरड्याच्या डब्यात हात घालतेस, मूठ भरतेस, वरचा ढीग अंगठ्यानं हलकेच झाडतेस आणि काट्याच्या ताटलीत सोडतेस. काट्याची आकड्यांची तबकडी माझ्याकडे तोंड करून आहे. मी आकडा वाचते, एक मुलगी तो फळ्यावर लिहिते. बेचाळीस. मी ताटली रिकामी करते. एकावन्न. मुली हसायला लागतात. अडतीस. पंचावन्न. सत्तेचाळीस. पाचव्या आकड्याला सगळी खोली हसत होती. वाईट मुली नव्हत्या, त्या वयाला हसू येतंच. तूही त्यांच्यासोबत थोडं हसलीस. मग हात पुसत माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणालीस, "सारखीच भरली हुती की गं."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काटा खोटं बोलत नाही, आई."

 उजवा हात उलटा करून बघितलास, मग सुलटा करून बघितलास, आणि पदराखाली घेतलास.

त्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात आमटी टाकताना तू मला हाक मारलीस, "मीठ किती घालू गं? तूच सांग." आणि मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. वाटलं, एका दिवसात आईला पटलं. तू निघालीस तेव्हा मी तुला मापाचे चमचे भेट दिले, कडीत ओवलेले, पाव चमच्यापासून मोठ्या चमच्यापर्यंत. कुठला कशाला ते तुझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, मुलींकडून घ्यायचे तसं. एसटीत बसताना तू ते कमरेच्या पिशवीत ठेवलेस. पुढे मी गावी यायचे तेव्हा तू चमच्यानं मीठ घालताना दिसायचीस. चमचा भरायचा, बोटानं सपाट करायचा, आमटीत सोडायचा आणि मग वहिनीकडे बघायचं, बरोबर ना म्हणून. तुझ्या आमटीला हळूहळू माझ्या आमटीची चव आली. माझी आमटी कधीच चांगली नव्हती, आई. नीट असायची, एवढंच. वड्या मात्र तू पुन्हा केल्या नाहीस. मी एकदा विचारलं तर म्हणालीस, आता खातंय कोण.

परवा वहिनीकडे गेले ती काकवी आणायला, असं मी घरी सांगितलं. रस्त्याला दोन्ही बाजूंनी आता द्राक्षाच्या बागा आहेत, बेदाणे सुकवायच्या शेड आहेत, तुला ओळखू येणार नाही. वहिनी थकली आहे, पण जीभ तशीच आहे. मी पिशवीतून सातव्या ट्रेचा एक तुकडा काढून दाखवला. तिनं तो हातात धरला, तिथेच त्याचा चुरा झाला, तो कोंबड्यांपुढं टाकून म्हणाली, "वन्सं, एवढं शिकलासा आन वडी थापाय येईना?" मग तिनं सांगितलं की तू कालवलेलं मूठभर घेऊन दाबायचीस आणि मूठ उघडायचीस. त्यावर बोटांचे वळ उठले आणि तसेच राहिले की झालं. वळ मिटले तर काकवी जास्त, गोळा फुटला तर कमी. भरडा किती, काकवी किती, हे आधी ठरवायचंच नसतं, कारण काकवी दर खेपेला निराळी असते. हे तिला नुसतं बघून माहीत. करायला शिकायचं राहून गेलं.

मी विचारलं, का राहिलं. वहिनी शेंगा सोलत होती, मान वर न करता बोलली.

"मी लय मागं लागले हुते. आत्या म्हणायच्या, माझा हात येडा झालाय. पाच मुठी भरल्या, पाची येगळ्या. लेकीनं काट्यावर दावलं. आता ह्या हातानं तुला काय शिकवू?"

 "तुमच्यावर राग न्हवता त्यांचा," वहिनी पुढं म्हणाली, "उलट कौतुकच. लेकीला समदं वाचाय येतं म्हणायच्या." मग उठून तिनं फडताळातून डबी आणली आणि घेऊन जा म्हणून मला दिली. त्यात ते चमचे होते. पाव चमच्यावरचा आकडा घासून पुसट झाला आहे. मिठाचा होता ना तो.

एसटी यायला तासभर होता. वहिनीला सांगायला तासभर पुष्कळ झाला असता. मी पाण्याबद्दल, बागांबद्दल, तिच्या गुडघ्यांबद्दल बोलले.

सांगायचं होतं ते असं. त्या दिवशी पहिल्या मुठीला काटा बेचाळीसवर थांबला. तो मी वाचला. दुसऱ्या मुठीला तो पुन्हा बेचाळीसवर आला. मी खाली वाकले, काटा अडकला असेल म्हणून तबकडीवर टिचकी मारली. तो हलून परत बेचाळीसवर येऊन थांबला. फळ्यावर माझ्या अक्षरात वाक्य लिहिलेलं होतं, मुली पेन सरसावून बसल्या होत्या, आणि मी म्हणाले, एकावन्न. तिसरी त्रेचाळीस होती. चौथी बेचाळीस. पाचवी मी नीट बघितलीच नाही. एकदा खोटा आकडा तोंडातून गेला की पुढचे आपोआप सुचतात, हे मला त्या दिवशी कळलं. घरात तुझी पत्रं आली की मीच वाचून दाखवायचे. रेशनकार्ड, दवाखान्याचा कागद, बाटलीवरची चिठ्ठी, सगळं मी वाचायचे आणि मी वाचलं ते तुझ्यासाठी खरं असायचं. म्हणून तू काट्याकडे बघितलं नाहीस, हाताकडे बघितलंस.

नंतर सांगता आलं असतं. त्याच संध्याकाळी, तू मिठाचं विचारलंस तेव्हा. चमचे देताना. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा मी पंधरा दिवस तुझ्याजवळ होते आणि औषधं मिलिलिटरमध्ये मोजून देत होते. सुट्टीत सांगू, जरा बरी झाली की सांगू, असं करत मी माझ्या मुलींना निवृत्तीपर्यंत तोच धडा त्याच वाक्यानं शिकवला. कॉपी करणाऱ्या मुलीला मी कधी माफ केलं नाही. हेही लिहून ठेवते.

आज आठवा ट्रे केला. आधी मी माझी मूठ तोलून बघितली, पाच वेळा. अडतीस, एकोणपन्नास, चव्वेचाळीस, छत्तीस, बावन्न. फळ्यावरच्या आकड्यांसारखेच की. मग ओट्स, तूप, कूट, तीळ, बेदाणे आणि वहिनीकडची काकवी कालवून मूठ दाबली. वळ उठले की नाही, मला ठरवता येईना. चष्मा लावून बघितलं, तरी ठरेना. सूनबाई शेजारी कणीक मळत होती. तिनं न विचारता माझ्या भांड्यातलं मूठभर उचललं, मूठ दाबली, उघडली आणि म्हणाली, "आई, अजून थोडी लागेल." मी 'थोडी म्हणजे किती' विचारायला तोंड उघडलं होतं. मिटलं. तिनं काकवीची धार सोडली, पुन्हा मूठ दाबली आणि मला दाखवली. चार बोटांचे चार वळ, तसेच. भाजून काढलेला ट्रे पूर्ण गार होईपर्यंत मी हॉलमध्ये जाऊन बसले, हात लावला नाही. वड्या सुरीखाली सरळ कापल्या गेल्या. एकही मोडली नाही.

हे पत्र मी चमच्यांच्या डबीत घडी करून ठेवणार आहे. तुला आलेलं पत्र वाचून दाखवायला मीच लागायचे, आणि माझ्या वाचण्यावर तू आता विश्वास ठेवावास असं मी म्हणू शकत नाही. वहिनीला मात्र सांगायला हवं, ती आहे तोवर. पुढच्या मंगळवारी जाईन असं म्हणते. असं मी याआधीही म्हणत आले आहे.

दुपारी सूनबाई वही घेऊन आली. मैत्रिणींना कृती पाठवायची होती. म्हणाली, माझी मूठ काट्यावर तोलू या, म्हणजे नक्की माप लिहिता येईल. तिनं हात भरून पुढे केला होता. मी काटा उचलून कपाटात ठेवला आणि तो बिघडलाय म्हणून सांगितलं.

तो बिघडलेला नाही, आई. तेव्हाही नव्हता.