‘काढ’ म्हनलं अन् चुकलं

आर्णीजवळचा तांडा,
८ जून २०२५

प्रिय समी,

खुशाल असशीनच. मोबाईलवर तू मले ब्लॉक केलं, पन पोस्टमनले कसं करशीन? पुण्याचा पत्ता तुह्या आईकडून घेतला, तिच्यावर चिडू नको.

इकडे सगळे मजेत. माही याडी अजून तुले आपली दुसरी लेकच म्हनते, माह्यापेक्षा तुहीच चौकशी जास्त. आर्णीतला आपला कॉम्प्युटर क्लास मी एकटीच चालवून राह्यली. या बॅचले शिकवलं, प्रोग्राम चालू असतानाच कोनी टाकलेलं सूत्र कसं सोडवाचं. लुआ ही भाषा घरातली, म्हनजे त्या कामापुरती ठेवलेली नावं पाहतच नाई, थेट गावात, म्हनजे साऱ्या प्रोग्रामच्या सामाईक नावायत जाते. पायथनले नावांची यादी आपल्या हातानं देता येते. जावास्क्रिप्टचे मात्र भलते नखरे! सूत्र सोडवनाऱ्या हुकमाले ‘इव्हॅल’ या मूळ नावानं हाक मारली तर घरातलं पाहते, दुसऱ्या नावानं मारली तर गावातलं. एक पोरगी म्हने, “मॅडम, दुसऱ्या नावानं कोन कायले हाक मारन?” मी आपली फळा पुसत राह्यली.

मी कुठं चालली ते तुले समजलंच असन.

दोन वर्षांआधीचा, बोरी अरबच्या शेतकरी मेळाव्याचा तो दिवस. पऱ्हाटीची, म्हनजे कपाशीची एकरी झाडं काढाचा आपला प्रोग्राम. ज्यानं त्यानं आपलं सूत्र टाकाचं, कोनी बांध वजा करन, कोनी तुरीचं तास. प्रेमसिंगकाकानं दोन ओळीत तीन फूट सांगतले, उत्तर आलं चार फुटाचं. किसनरावचे पाच फूट, उत्तर तेच. सगळ्यायले एकच! “पोरीयचं मशीन पाठ करून आलं,” म्हनून लोकं पोट धरून हासले. अन् मी माईकवर बोलून गेली, “हे समीक्षानं लिहिलं आहे.” तू पिशवी उचलली अन् एसटीत बसली.

समी, तू लिहिलेलं बरोबर होतं. आदल्या दिवशी मीच त्यात हात घातला. ‘इव्हॅल’ परकं वाटे, म्हनून त्याचं नाव ठेवलं ‘काढ’. वऱ्हाडीतला प्रोग्राम म्हनून मिरवाचं होतं ना मले! पन ‘काढ’ म्हनलं की ते घरातली, शेतकऱ्यानं सांगतलेली ‘ओळ’ सोडून गावातली, फाईलीच्या माथ्यावरची नमुन्याची ‘ओळ’ घ्याचं, चार फुटाची.

अन् हे मले काल नाई समजलं. तू गेली त्याच्या तिसऱ्याच दिवशी समजलं. दोन वर्षं मी आज सांगते, उद्या सांगते करत राह्यली. लाज वाटे, अन् तू नसल्यावर आपलं नाव चांगलं राह्यते हेही बरं वाटे. हे लिहिताना सोताचाच राग येऊन राह्यला.

काल बोरी अरबले पुन्हा गेलती. या खेपेस सगळ्यायचं उत्तर वेगळं अन् बरोबर. काय टाळ्या पडल्या, बाप्पा! मी माईक घेतला अन् मागची चूक माही होती म्हनून सांगून टाकलं. प्रेमसिंगकाका उभे राह्यले. “आमाले कायले सांगतं? आमी तवाच विसरलो. जिले लागलं तिले सांग.”

म्हनून तुले सांगून राह्यली. शिव्या द्याच्या असतीन तर इथं येऊन दे, मोजून घेईन. कवाही ये, मी स्टँडवर उभी राहीन.

मी तुही, अन् चूक माही,
उज्ज्वला