बांधावरचं गवत

आप्पा, दादाने बांध नांगरून टाकला. आपल्या आणि शेजारच्या काकूंच्या रानांमधला. नवा बांध दोन हात पलीकडे, त्यांच्या रानात घातला. तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होते; तेव्हापासून घर त्यानेच ओढलं, मला शिकवलं, म्हणून त्याला काही बोलताना माझी जीभ अडते. काकूंनी मोजणी मागवली आहे, येत्या शनिवारी. दादाचा फोन आला तेव्हा कंपनीची बस बेळ्ळंदूरला अडकली होती. "उताऱ्यावर तुझंबी नाव हाय. येऊन एवढंच सांग, बांध पहिल्यापासनं हितंच होता." मी म्हटलं, "होता का?" तर म्हणाला, "बेंगळुरात बसून शानपणा शिकवू नको. दोन हात रानानं म्हातारी काय भिकेला लागतीय?" मी "बघते" म्हणाले. ते 'बघते' तेव्हापासून डोक्यात फिरतंय. ऑफिसात एकच मेल पुन्हा पुन्हा वाचते, उत्तर लिहिते, पुसते.

आणि सारखी ती सकाळ दिसते. बांधावरचं गवत एक वर्ष आपलं, एक वर्ष त्यांचं. ते वर्ष त्यांचं होतं आणि दादाने विळा घातला. तुम्ही ओरडला नाहीत. भारा बांधून त्याच्या डोक्यावर दिलात. तो पुढे, मागून तुम्ही आणि मी. काकूंच्या गोठ्यापाशी तो भारा टाकतो, मान खाली. "भावजी, चोर लई गुणाचा की तुमचा, माल घरपोच देतोय!" काकू हसत सुटतात आणि आम्हा दोघांना ताक देतात. परतताना तुम्ही मला विचारलंत, "पुढच्या वर्षी गवत कुणाचं?" आपलं. "त्याच्या पुढच्या?" असं विचारत विचारत घर आलं. सम-विषम मी शाळेच्या आधी तिथंच शिकले. यंदा कुणाचं तेही मला सांगता येतं. काकूंचं. पण खरं सांगितलं तर दिवाळीला मी कुणाच्या दारात जाऊ?

शुक्रवारच्या बसचं तिकीट काढलंय. जुना बांध कुठं होता, ते मोजणीवाल्यांना दाखवणार आहे. हे दादाला आधी सांगायला हवं, तेच रीतीचं. तरी मी फोन बाजूला ठेवून तुम्हाला लिहीत बसलेय, जे कुठंच पोचणार नाही. कारण दादाचा आवाज आता अगदी तुमच्यासारखा झालाय, आप्पा. त्या आवाजात त्याने एकदा 'बाळा' म्हटलं, की मी हो म्हणून बसेन.