पेंद्याचे पातेले

५ ऑगस्ट, मंगळ.
स्वस्ति श्री पनवेलनगरभूषण, मधुमेहधुरंधर, गुडघेदुखीसार्वभौम, गृहनिर्माणसंस्था-जलोपसमितीचे निष्कासित निमंत्रक, सुमनपती आम्ही, गेले बारा दिवस श्वानसेवक या अतिरिक्त पदभाराखाली आहोत. धाकटे बंधू दिलीप यांनी आपला वृद्ध कुत्रा पेंद्या 'दोन दिवस सांभाळ' म्हणून आणून सोडला होता.
पशुवैद्य म्हणाले, मूत्रपिंडे निकामी. फार तर आठवडा.
तीन वर्षांपूर्वी आईलाही आठच दिवस मिळाले होते. 'दिलू कुठवर आला?' रोज. 'पळस्पे फाट्यापर्यंत आलाय,' आम्ही. रोज. तो तेराव्याला आला आणि जेवायला काय आहे, ते विचारले.

७ ऑगस्ट, गुरु.
पेंद्या अन्नास शिवत नाही. श्रावणव्रतस्थ गृहातील दहीभात त्याने नाकाने दूर सारला. दिलीपला फोन. म्हणाला, त्याला माशाशिवाय जात नाही. श्रावण आहे, असे सांगितले.
"तुझा. त्याचा नाय."
तर्क बिनतोड. तरीही रात्री पुन्हा दहीभातच वाढला. तोही तसाच राहिला. अपराध आमचा.

८ ऑगस्ट, शुक्र.
दिलीप उलव्याहून मोटारसायकलवर, चिंब भिजून. पिशवीत खाडीची बोय. सुमनने देवघराचा पडदा ओढला व स्वयंपाकघराचा त्याग केला. त्याने नेमके आईचे नाव कोरलेले, दुधाचे पातेले काढले. मासा बिनमिठाचा शिजवला. मग बोटांनी एकेक काटा वेचला, केसाएवढासुद्धा. पाऊण तास. पेंद्याने चार घास खाल्ले.
आम्ही, वय वर्षे चोपन्न, दारात उभे राहून एका कुत्र्याचा मत्सर करीत होतो.

११ ऑगस्ट, सोम.
दिलीप मुक्कामी. आम्ही कामोठ्याला, मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे. दिलीपच्या तपासणीच्या कागदावर 'समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकार' असे त्यांनीच लिहिले होते. विचारले, अशा मनुष्यास कुत्र्यावर प्रेम करता येते काय?
"कुणाकुणाला येतं. तुमच्या मापाचं नसेल, इतकंच."
'नाही' ऐकण्यासाठी गेलो होतो. आंधळ्याने पाहिले नाही म्हणून त्याच्यावर कोणी रुसत नाही. त्या कागदाच्या आधाराने तीन वर्षे आईच्या आठ दिवसांबाबत स्वतःची समजूत घातली. आता? म्हणजे त्याच्यापाशी प्रेम होते. होते, आणि तिला...

१३ ऑगस्ट, बुध.
पेंद्या गेला. सकाळी साडेदहा. दिलीपचा हात शेवटपर्यंत त्याच्या मानेखाली. दिलीपचे डोळे कोरडे. आमचे नव्हते, नोंद प्रतिष्ठेस बाधक, तरी राहू दे.
न राहवून विचारले, आईसाठी एक दिवससुद्धा का आला नाहीस?
"तिच्याजवळ तू होतास, दादा. याला कोण होतं?"
वाक्य खरे, की नेहमीप्रमाणे समोरच्याच्या अंगाबरहुकूम बेतलेले? त्याच्या अशा वाक्यांवर चाळीस वर्षे विश्वास ठेवून पस्तावलो. याही वाक्यावर ठेवला. पस्तावा अद्याप यायचा आहे.

१६ ऑगस्ट, शनि.
दिलीप न सांगता गेला. फोन बंद. पेंद्याचा गळपट्टा खिळ्यावर तसाच आहे. पातेले मात्र नाही.
पेंद्याचे म्हणून नेले, आईचे म्हणून, की मोडीत घालायला? आईची तांब्याची घागर त्यानेच मोडीत घातली होती. सुमनचे मत तिसरे. आम्ही मत राखून ठेवले आहे. तिन्हीसांजेला दोनदा फाटकापर्यंत जाऊन आलो, कारण, व्यायाम.
झाकण इथेच राहिले. घरातल्या एकाही भांड्यावर बसत नाही. सुमन म्हणते, टाका. टाकवत नाही. दुधावर ताटली उपडी घालतो, ती वाफेने सरकते, आणि आज पुन्हा दुधात मुंग्या. आता दूध झाकावे तरी कशाने?