दाजींचं वायरिंग आणि आमचा डबा

मिलिंदनगर, नाशिक
रविवार, १३ सप्टेंबर १९८१

आदरणीय दाजी यांस,
सहादूचा सविनय जयभीम.

आपलं कार्ड पोचलं. सुलाताईचा गुडघा आता बरा आहे आणि आपलं पित्त आटोक्यात आहे हे वाचून समाधान वाटलं. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. प्रत्यक्षात आई सोडून कुणीही खुशाल नाही. माझं डोकं गेला दीड महिना तापलेलं आहे, सुमन बायको असूनही माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि निवृत्ती (आमचा जीपवाला मित्र, मखमलाबादचा, ज्याच्या मळ्यातली द्राक्षं आपण पोटभर खाल्लेली आहेत) तेवढंही बोलत नाही. याला कारण आपण मे महिन्यात केलेलं वायरिंग. आपण घरचे जावई, वयाने आणि मानाने मोठे, त्यामुळे मी आपल्याला काहीही बोलणार नाही. फक्त लिहिणार आहे. पित्त पुन्हा उसळल्यास क्षमा असावी.

प्रकरण आपल्याला ठाऊक आहे. पण मागचा गोषवारा दिल्याशिवाय आमच्या ऑफिसात कागद पुढे सरकत नाही, आणि नऊ वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसून मलाही तीच सवय लागली आहे. तर, आईचा खुबा गेल्या वर्षी नळावर घसरून मोडला. तेव्हापासून तिला अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही, आडवं व्हावं लागतं. आणि यंदाच्या विजयादशमीला नागपूरच्या दीक्षेला पंचवीस वर्षं होतात. छप्पन साली ती मला आणि ताईला घेऊन गेली होती. मी सहा वर्षांचा. गर्दीत मला काही दिसेना म्हणून तिने मला सबंध वेळ खांद्यावर धरलं होतं. मला त्यातलं एवढंच आठवतं, की जिकडेतिकडे पांढरे कपडे होते आणि आईचे खांदे हलत होते, कारण ती रडत होती. तिला आता पुन्हा एकदा तिथे जायचं आहे. एस.टी.त झोपता येत नाही आणि त्या दिवसांत आगगाडीत पाय ठेवायला जागा नसते. मी तिला नेतो म्हणालो आहे. साऱ्या कॉलनीसमोर म्हणालो आहे, दाजी. आता साडेतीन आठवडे राहिले.

त्यासाठीच तो ट्रेलर घेतला. धरणाच्या कामावर साहेब लोकांना राहायला केलेला, दोन चाकांचा, पत्र्याचा, दार-खिडक्यांसकट लिलावात निघालेला. (कॉलनीत त्याला 'डबा' म्हणतात. आधी मला राग यायचा, आता मीही डबाच म्हणतो.) त्यात आईसाठी खाट ठोकून बसवली, समोर बाबासाहेबांची तसबीर लावली, तसबिरीवर दिवा, कारण आईला वाटभर तो चेहरा दिसायला हवा. वर एक छोटा पंखा. हे सगळं निवृत्तीच्या जीपच्या बॅटरीवर चालायचं आणि डब्यामागचे लाल दिवे, ब्रेकचे दिवे, वळायचे दिवे जीपच्या बरोबरीने लागायचे. ते काम आपण आपणहून अंगावर घेतलंत. वीस वर्षांचे मुरलेले वायरमन! लाल रबरी हातमोजे घालून दोन दिवस डब्यात बसलात. (साध्या बॅटरीच्या कामाला हातमोजे कशाला, असं मी फक्त मनात म्हणालो. आई मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला ते हातमोजे दाखवत होती.) तेव्हाच मी विचारलं होतं, की प्रत्येक दिव्याला दोन तारा लागतात, मग तुम्ही एकच का ओढता? तर तुम्ही म्हणालात, करंट जाताना तारेतून जातो आणि परत येताना लोखंडातून येतो. डब्याच्या अंगातून, डबा ज्यात अडकतो त्या जीपच्या मागच्या आकड्यात, आकड्यातून जीपमध्ये. गाड्यांचं असंच असतं. जावयाशी वाद घालायचा नाही हे आमच्या घरचं वळण. पण दाजी, सासूला नागपूरला न्यायचं आणि तारेत काटकसर?

त्या संध्याकाळी सगळे दिवे लागले हे मी नाकारत नाही. खोटं बोलायची मला गरज नाही. पण आपण नांदगावची गाडी पकडलीत, पाऊस सुरू झाला, निवृत्तीची जीप मळ्याच्या कामाला गेली आणि डबा दीड-दोन महिने माझ्या दारात उभा राहिला. त्या काळात मी रिकामा बसलो नाही. सबंध डब्याला निळ्या ऑइलपेंटचे तीन हात दिले. पत्रा, चाकं, पायरी, ओढायची दांडी, तिच्या टोकाचं कडं, सुरक्षेची साखळी, गंजायला एक ठिपका शिल्लक ठेवला नाही. शिवाय पहिल्या दिवशी गल्लीत डबा ओढून बघताना आकड्यात कडं खाड-खाड वाजत होतं आणि दर दणक्याला आई खुबा धरत होती. ते मी पाहिलं होतं. म्हणून मी सायकलची जुनी ट्यूब कापून जीपच्या आकड्यावर घट्ट गुंडाळली, वरून सुतळीने करकचून बांधली आणि साखळीलाही तिचीच खोळ शिवली. इतका मुका आकडा अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडणार नाही. ही फुशारकी नाही. कुणी काय काम केलं याची नोंद असावी, एवढंच.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी जीप जोडली आणि आपल्या कारागिरीचं दर्शन घडलं. आतला दिवा लावला तर तो विझत आलेल्या विडीसारखा तांबडा. पंखा लावला तर जीपच्या मागचे दिवे मिणमिण पेटले, जे कुणी लावलेच नव्हते. निवृत्तीने ब्रेक दाबला की पंखा थांबायचा. ब्रेक सोडला की पंखा पुन्हा दोन गिरक्या घ्यायचा. डावीकडे वळायचा दिवा दिला तर डाव्याबरोबर उजवाही उघडझाप करू लागला, आणि आत तसबिरीवरचा दिवाही त्याच तालावर डोळे मिचकावू लागला. दाजी, बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर! सुमनला हसू आलं. त्यावर मी जे बोललो त्यामुळे ती अजून कामापुरतंच बोलते.

तरीही मी म्हटलं, रस्त्याला लागल्यावर दिवे आपोआप बसतील. (नवीन चपला बसतात तसे.) आईला खाटेवर निजवून आम्ही इथल्या द्वारका चौकापर्यंत फेरी काढली. भर चौकात निवृत्तीने वळायचा दिवा दिला मात्र, पुढून-मागून, आतून-बाहेरून सगळा डबा लुकलुकायला लागला. हवालदाराने शिट्टी मारून ट्रक, टांगे, सायकली सगळं थांबवलं आणि विचारलं, "वरात कुठं चालली?" मी खाली उतरून रीतसर खुलासा करणार, तोच खिडकीतून आईचा आवाज आला, "नागपूरला. तुमी बी चला." चौक हसला. हवालदार हसला. निवृत्ती तर स्टेअरिंगवर डोकं टेकून हसला. मला त्यात हसण्यासारखं काय होतं ते आजतागायत कळलेलं नाही. हवालदाराने सांगितलं, असे दिवे घेऊन हायवेला लागलात तर नागपूर राहू द्या, ओझरही गाठणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी द्वारकेवरच्या फकिरा मिस्त्रीला आणलं. ट्रकांचं वायरिंग करण्यात त्याचं नाव आहे. त्याने टेस्टर लावला, मान हलवली आणि म्हणाला, सगळ्या तारा उपसून नव्याने ओढू. एवढं ऐकताच घरातून आईने त्याला हाक मारली. "कुनाचं काम हाय ठावं हाय का? जावयाचं. त्याला हात लावायचा नाय." फकिरा म्हणाला, मावशी, बिघाड तिथंच असेल. आई म्हणाली, "नसंल. दुसरीकडं बघ." झालं. जावयाचं काम उकलायचं नाही, हा आमच्याकडे वरिष्ठ कार्यालयाचा आदेश. मग फकिराने, वायरिंग सोडून, जगात जे जे होतं ते सगळं बदललं. सगळे बल्ब बदलले. बटणं बदलली. जीपची बॅटरी चार्जिंगला नेली. जीपच्या डॅशबोर्डखाली हात घालून त्याने तिथलं काहीतरी उपसलं आणि तेव्हापासून निवृत्तीचा हॉर्न बंद आहे. पेठच्या घाटात तो गेल्या आठवड्यात खिडकीतून हात काढून पत्रा बडवत गेला म्हणे. आल्यावर त्याने जीपची किल्ली खिशात ठेवली आणि सांगितलं, दिवे सरळ झाल्याशिवाय डब्याला आकडा लावणार नाही. वीस वर्षांची मैत्री, एका तारेपायी.

आता मला सांगा, माझं यात काय चुकलं? डबा मी आणला, रंग मी दिला, आकड्याला ट्यूब मी बांधली, खाट मी ठोकली. जे जे मी केलं ते ते आजही ठणठणीत उभं आहे. बिघडलं ते फक्त एक काम, आणि ते कुणी केलं हे मी लिहीत नाही. रोज संध्याकाळी आई विचारते, "लागला का रं दिवा?" मी म्हणतो, लागेल. ती म्हणते, "नाय लागला तर राहू दे, मी हितूनच हात जोडीन." दाजी, हे वाक्य मला ऐकवत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी ती मला म्हणाली नव्हती, की दिसत नाही तर राहू दे.

अधिक काय लिहू? ताईला जयभीम. मुलांना आशीर्वाद. पित्तावर कोकमाचं सरबत घ्यावं.

आपला (तरीही) नम्र,
सहादू

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी आईने पत्र वाचून दाखवायला लावलं. तिला अक्षर येत नाही, म्हणून कडक मजकूर मी गाळत होतो. पण मी कुठे गाळतो ते तिला अचूक कळतं, त्यामुळे शेवटी सगळं वाचावं लागलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "सहादू, जावई ते लाल हातमोजे कशापायी घालत्यात?" मी म्हटलं, करंट लागू नये म्हणून. "कशाचे असत्यात?" रबराचे. "आन् ते म्हनले व्हते करंट आकड्यातून जातो?" हो म्हणालो. तेव्हा म्हणाली, "मंग बाबा, तू तर गाडीलाच हातमोजे घातले की रं."

मी बाहेर जाऊन ट्यूब कापली. कड्यावरचा आणि साखळीवरचा रंग विळ्याने खरवडला. निवृत्तीला हातापाया पडून बोलावलं, जीप जोडली, बटण दाबलं. तसबिरीवर पांढरास्वच्छ उजेड पडला. पंखा असा फिरला की आईचा पदर उडाला. तरी वरील संपूर्ण मजकूर रद्द समजावा. (लिहिलेला कागद फाडायची ऑफिसात सवय नाही, म्हणून पाठवतो आहे.)

ता. क. २. आईचं म्हणणं, जावयाने स्वतः हात लावून तपासल्याशिवाय ती डब्यात पाऊल ठेवणार नाही. तरी दसऱ्याच्या चार दिवस आधी ताईला घेऊन यावं आणि हातमोजे घालून तासभर काहीतरी खुडबुड करावी. कशालाही हात मात्र लावू नये. इथून सगळे मिळूनच निघू.

ता. क. ३. हे आई सांगते आहे, मी फक्त लिहितो आहे. "जावईबापू, पोरगं खुळं हाय, पन ते रबर त्यानं माज्या हाडापायी बांधलं व्हतं. तुमी रागावू नका. येताना परतीच्या वाटंची येक तार संगं आना. म्हंजी तुमचा दिवा बी लागंल आन् त्याचं रबर बी ऱ्हाईल."

तार जाड आणावी. निळी मिळाल्यास उत्तम.