खडीवरचा ब्रेक

३ मार्च

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नवा मास्तर आला. नवी कोरी गाडी घेऊन! मालकांनी स्वतः दार उघडून सगळ्यांना दाखवली. माझ्या गाडीचं दार आतून उघडतच नाही, ते दुरुस्त करायला मात्र त्यांना सवड नाही.

५ मार्च

'हिला एबीएस आहे, ताई. ब्रेक कितीही दाबा, चाक अडकत नाही.' नव्या मास्तरचं दिवसभर हेच! जणू याच्याच घरी शोध लागला. टायर गुळगुळीत झाले की एबीएस काय कपाळ करणार?

८ मार्च

लेक म्हणाली, 'आई, मी मास्तरांकडे शिकते. तू फार ओरडतेस.'

पोटची पोर! अर्ध्या गावाला क्लच मी शिकवला आणि ही चालली त्याच्याकडे. 'शीक हो,' म्हटलं आणि भांडी जरा जास्तच आपटली.

११ मार्च

जेवताना मलाच धडा! 'एबीएस असलं की ब्रेक दाब-सोड करायचा नसतो, आई. एकदम दाबायचा आणि दाबूनच धरायचा. चाक अडकायला लागलं की गाडीच ब्रेक सैल करते, परत आवळते — सेकंदात कितीतरी वेळा. पायाखाली पेडल थरथरतं. घाबरून पाय उचलायचा नाही. चाक फिरत राहतं, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते.'

'आणि लवकर थांबते?' मी मुद्दाम विचारलं.

'दरवेळी नाही, म्हणाले मास्तर. अंतर ठेवायचंच.'

अगदी बरोबर शिकवलंय. म्हणून तर जास्त झोंबलं.

१४ मार्च

त्याची गाडी मागून घेतली. मैदानात पाणी मारलेल्या पट्ट्यावर वेगात नेली आणि ब्रेक — पाय सवयीनं दाब-सोड, दाब-सोड! जे काम गाडी करणार त्यात मी पाय घातला. समोर ठेवलेला प्लास्टिकचा कोन आडवा.

मास्तर लांबून बघत होता. हसला नाही. 'ताई, माझंही पहिल्यांदा अस्संच झालं होतं.'

हसला असता तर बरं झालं असतं. मेला चांगलाही आहे!

१७ मार्च

दुपारी त्याचाच फोन. 'ताई, उद्या तुमच्या लेकीला खाणीच्या रस्त्यावर नेतोय. सुट्या खडीवर एबीएस कसं वागतं, तुम्ही पाहिलंय कधी?'

पाहिलंय. भावाच्या गाडीत, चांगलं घाबरून पाहिलंय. साध्या गाडीचं चाक अडकलं की खडीत रुततं, पुढे खडीचा ढीग साठतो आणि गाडी अडते. एबीएस चाकाला अडकूच देत नाही, मग गाडी जातेय ती जातेच.

म्हटलं, 'तुमची गाडी. तुम्हालाच ठाऊक.'

जाईल थोडी पुढे. थांबायच्या खुणेला तो रिकामा खोका ठेवतो, तो चेपेल. पोरीसमोर त्याचं नाक कापलं जाईल. बस, एवढंच. फार दिवसांनी बरं वाटतंय.

१८ मार्च

खोका ठेवलाच नाही त्यानं. स्वतः उभा राहिला! 'माझ्या अलीकडे थांबशील बघ,' म्हणाला पोरीला.

तिनं पाय दाबून धरला, सांगितल्याप्रमाणे. पेडल थरथरत राहिलं, गाडी थांबेचना. वळवायचं तिला सुचलंच नाही. शेवटच्या क्षणी त्यानं बाजूला उडी मारली, चरात पडला. घोटा मोडला.

पोर आल्यापासून रडतेय. 'आई, मी माणूस मारला असता.' मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. माझा हात मलाच नकोसा झाला.

१९ मार्च

लेक मास्तरला बघून दवाखान्यातून आली ती गळ्यातच पडली. 'मास्तर सगळ्यांना सांगतायत — ताईंनी फोनवर बजावलं होतं, मीच ऐकलं नाही. आई, पुढचं सगळं मी तुझ्याकडेच शिकणार.'

मी कुठे बजावलं होतं! हेसुद्धा त्यालाच सुचलं!